इंटरमिजिएट ड्रॉईंग : सात गुणांपलीकडचे शिक्षण

पावसाळा सरत आला की हायस्कुलांत ड्रॉईंगच्या ग्रेड परीक्षेची लगबग सुरू होते. 'शासकीय रेखाकला परीक्षा' हे तिचे कागदोपत्री नाव. राज्याचे कला संचालनालय ती घेते. गावात मात्र या नावाने तिला कुणी ओळखत नाही. 'एलिमेंटरी' आणि 'इंटरमिजिएट' म्हटले की लगेच कळते, आणि त्यापाठोपाठ पालकाचा एकच प्रश्न येतो, "सर, मार्क किती वाढत्यात?"

प्रश्न रास्त आहे. २०१७ साली झालेल्या निर्णयानंतर इंटरमिजिएटला ए श्रेणी मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला दहावीत सात, बी श्रेणीला पाच आणि सी श्रेणीला तीन असे वाढीव गुण धरले जाऊ लागले. डिप्लोमाचा किंवा अकरावी सायन्सचा नंबर एकेका गुणाने हुकतो, हे ज्यांच्या घरात घडले आहे त्यांना सात गुणांची किंमत सांगायला नको. पण या सात गुणांनी एक उलटेच काम केले. फॉर्म भरणारी मुले वाढली आणि शिकणे आखडले. वर्षभर ड्रॉईंगचा तास गणिताला नाहीतर इंग्रजीला द्यायचा आणि परीक्षेच्या तोंडावर पंधरा दिवस जादा तास घेऊन चार चित्रे घोटून घ्यायची, अशी रीत अनेक ठिकाणी पडली आहे. अशा घोटून घेतलेल्या चित्रांत पोराच्या हाती काय लागते, हे आम्हाला विचाराल तर फारसे काही नाही.

ही परीक्षा पाठांतराची नाही. एलिमेंटरी ही पहिली पायरी. इंटरमिजिएट ही त्यावरची, आणि चढ चांगलाच आहे. चार पेपर असतात. समोर मांडलेल्या वस्तू पाहून रंगवायचे स्थिरचित्र, दिलेल्या विषयावर मनाने काढायचे स्मरणचित्र, नक्षीचे संकल्पचित्र, आणि भूमिती, घनभूमिती व अक्षरलेखन. चारही पेपरांत मिळून एकच गोष्ट तपासली जाते. मुलाला नीट बघता येते का, आणि बघितलेले कागदावर उतरवता येते का.

परंपराही जुनी आहे. मुंबईत सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून १८५७ साली जे. जे. कलाशाळा सुरू झाली आणि शाळाशाळांतून ड्रॉईंग शिकवण्याची वाट तिथून फुटली. पुढे १९६५ मध्ये राज्यात स्वतंत्र कला संचालनालय झाले. कोल्हापुरातून जे. जे.त गेलेले महादेव विश्वनाथ धुरंधर, औंधचे चित्रकार राजे भवानराव पंतप्रतिनिधी ही नावे आपल्या भागाला परकी नाहीत. औंधचे श्री भवानी वस्तुसंग्रहालय आजही पाहता येते. शाळेची सहल साताऱ्याकडे निघाली तर ती प्रतापगडाबरोबर औंधलाही न्यावी.

दोन डोंगर आणि मधला सूर्य

शिरूर तालुक्यातल्या वडगाव रासाईचे उदाहरण घेऊ. भीमेकाठचे गाव. नदी ओलांडली की दौंड तालुका. रासाई देवीचे नाव गावाला लागलेले. नजर जाईल तिथवर सपाट रान, ऊस, मधूनच बाभळी, बांधावर एखादे चिंचेचे झाड. अशा गावातल्या कोणत्याही मुलाला "तुझ्या गावाचं चित्र काढ" म्हणून सांगा. शंभरातली बहुतेक मुले दोन तिकोनी डोंगर काढतील, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, डोंगरातून वाकडीतिकडी येणारी नदी, कडेला नारळाचे झाड आणि कौलारू झोपडी. त्याच्या आयुष्यात त्याने दारात नारळ पाहिलेला नसतो आणि अंगणातून तिकोनी डोंगर दिसत नसतो. पण चित्र म्हणजे हेच, असे कुणीतरी कधीतरी फळ्यावर काढून दाखवलेले असते.

इंटरमिजिएट शिकवणाऱ्या शिक्षकाचे पहिले काम हे दोन डोंगर पुसण्याचे आहे. ते वाटते तितके सोपे नाही. मुलाला बांधावर उभे करावे लागते. सपाट रानात आपल्याच उंचीची माणसे उभी असली, तर जवळचा माणूस असो की दोनशे पावलांवरचा, डोकी साधारण एकाच रेषेत दिसतात. ती रेष म्हणजे क्षितिजरेषा, आपल्या डोळ्याच्या उंचीची. वर-खाली होतात ते पाय. लांबच्या माणसाचे पाय चित्रात वर सरकतात आणि जवळच्याचे खाली येतात. पुस्तकातल्या यथार्थदर्शनाच्या धड्यावर मुले जांभया देतात. तीच गोष्ट ऊसतोडीच्या फडावर दाखवली की एका दिवसात डोक्यात बसते. भीमेकाठच्या मुलांना या बाबतीत डोंगराळ भागातल्या मुलांपेक्षा सोयच जास्त आहे. क्षितिज इतके मोकळे सगळीकडे दिसत नाही.

स्मरणचित्राला विषय येतात ते बहुधा ओळखीचेच. आठवड्याचा बाजार, एसटी स्टँड, सण, शाळेतला प्रसंग. माणसे हालचाल करताना दाखवावी लागतात. इथे बरीच मुले अडखळतात. माणूस ताठ उभा, दोन्ही हात अंगाला चिकटलेले, सगळ्यांची तोंडे आपल्याकडे, फोटोला उभे राहिल्यासारखी. मोठ्या माणसाची उंची साधारण साडेसात डोक्यांची असते. लहान मूल पाच डोक्यांच्या आसपास भरते. एवढे माप आधी पाठ करून घ्यावे. मग काड्यांची माणसे काढायला लावावीत. वाकलेला, ओझे उचलणारा, ट्रॉलीवर मोळी फेकणारा. कमरेचा बाक आणि वजन कोणत्या पायावर आहे, एवढे काडीत आले की कपडे नंतर घालता येतात. बाजारच्या दिवशी वही घेऊन मुलांना एक तास कांद्याच्या ढिगाजवळ बसवले, तर वर्गातल्या दहा तासांचे काम होते. दोन-दोन मिनिटांत एकेक माणूस. खोडरबर वापरायचे नाही.

शिरूरच्या उसात बिबट्याचा वावर आहे हे आता साऱ्या राज्याला ठाऊक झाले. पोरांच्या वहीत बिबट्या हमखास येतो, आणि तो दर वेळी गुरगुरत समोर बघणारा असतो, पिक्चरच्या पोस्टरवरचा. ज्याने खरोखर पाहिला आहे तो पोरगा सांगतो की बॅटरीच्या उजेडात नुसते डोळे चमकले आणि उसाची पाने हलली. तेच काढ म्हणावे. ते चित्र तपासणाऱ्याच्या नजरेत भरेल.

कळशीचे तोंड

स्थिरचित्रावर मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण शिकवणाऱ्याचा कस तिथे लागतो आणि शिकणाऱ्याचाही. समोर चार-पाच वस्तू मांडलेल्या असतात. एखादे मोठे भांडे, एक खोके किंवा पुस्तक, फळ-भाजी, मागे सोडलेले कापड. वर्गातला प्रत्येक जण वेगळ्या जागेवरून बघतो, म्हणून प्रत्येकाचे चित्र वेगळे यायला हवे. शेजारच्याचे बघून काढले की फसलेच.

तांब्याची कळशी घ्या. मुलाला माहीत असते की कळशीचे तोंड गोल आहे. म्हणून तो गोल काढतो. त्याला हेही माहीत असते की कळशी जमिनीवर टेकते. म्हणून बुडाला सरळ रेघ मारतो. दोन्ही चूक. डोळ्याच्या खाली ठेवलेल्या कळशीचे तोंड चपटे, लंबगोल दिसते. आणि बूड डोळ्यापासून आणखी खाली असल्यामुळे त्याचा लंबगोल तोंडाच्या मानाने जास्त उघडा असतो. बुडाची पुढची कड बाक घेऊन खाली येते. कळशी हळूहळू उचलून डोळ्याच्या रेषेत आणा, तोंडाची नुसती आडवी रेघ होते. आणखी वर न्या, आता तोंड दिसेनासे होऊन वरच्या कडेचा बाक उलटा फिरतो. हे एकदा हातात कळशी घेऊन करून दाखवावे. "आहे ते" आणि "दिसते ते" यांतला फरक मुलाला या एका कळशीत कळतो. इंटरमिजिएटचा अर्धा अभ्यास तिथे झाला, असे समजायला हरकत नाही.

मग मोजणे. हात ताठ करून पेन्सिल डोळ्यासमोर उभी धरायची, एक डोळा मिटायचा आणि अंगठ्याने उंची मोजायची. कळशीची उंची रुंदीच्या किती पट? वांगे कळशीच्या निम्मे की तिसरा हिस्सा? कोपर वाकले की माप चुकते, हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते. मोजमाप झाले की सगळ्या वस्तूंना मिळून एक हलकी चौकट कागदावर आखावी, म्हणजे चित्र कोपऱ्यात जाऊन बसत नाही. भांड्याचा मधला उभा आस आखून दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते बघावे. एवढे होईपर्यंत रंगाची पेटी दप्तरातच असावी. आपल्याकडे रंगाला हात घालण्याची घाई फार.

सावलीबद्दल एक गैरसमज घट्ट रुजला आहे. सावली म्हणजे काळा रंग. लाल टोमॅटोच्या अंधाऱ्या बाजूवर मुले काळा फासतात आणि टोमॅटो नासका दिसू लागतो. त्या बाजूला लालच असतो, पण खोल आणि किंचित निळसर-तपकिरी झाक घेतलेला. डोळे अर्धवट मिटून पाहिले की बारीकसारीक तपशील पुसले जाऊन उजेड, मधली छटा आणि अंधार असे तीन मोठे भाग वेगळे दिसतात. त्या तीन भागांत चित्र उभे राहते. तांब्याच्या भांड्यात आणखी एक गंमत असते. अंधाऱ्या बाजूच्या अगदी कडेला खालच्या कापडाचा उजेड परत पडून एक फिकट पट्टा दिसतो. तो सोडला की भांडे गोल फिरते. चमकेचा ठिपका पांढऱ्या रंगाने द्यायचा नसतो. जलरंगात कागदच तिथे कोरा राखायचा. आधी फिके, मग गडद. एकदा गडद केलेले उजळ करणे जलरंगात अवघड, म्हणून घाईत बसणाऱ्याचे चित्र मातकट होते.

आता या सगळ्याला महागडे साहित्य लागते का? नाही. एचबी, दोन बी आणि चार बी अशा तीन पेन्सिली, जलरंगाची साधी पेटी, दोन-तीन गोल ब्रश, पाण्याला वाटी. मांडणीसाठी शहरातल्या शाळा प्लॅस्टिकची फळे आणतात. आपल्याकडे घरात माठ, डेरा, कंदील, पाटी, सूप, खुरपे, कांद्याची माळ, भोपळा असे सगळे पडलेले असते. प्लॅस्टिकच्या सफरचंदापेक्षा मातीच्या माठाची सावली कितीतरी चांगली पडते.

शेततळ्याचा प्लॅन

शेतकऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत उपयोगाचा पेपर कोणता म्हणाल, तर भूमिती आणि घनभूमितीचा. शंकू, चिती, नळकांडे, ठोकळा अशा वस्तूंचा वरून दिसणारा प्लॅन आणि समोरून दिसणारे एलेव्हेशन काढायचे असते. मुले याला घाबरतात, कारण बहुतेकांनी ठोकळा हातात घेऊन कधी पाहिलेलाच नसतो.

शेततळे घ्या. २०१६ च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेत ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल असा एक आकार होता. बाजूचा उतार एकास एक धरला, तर ३ मीटर खाली जाताना प्रत्येक बाजू ३ मीटर आत येते. म्हणजे तळाचा चौरस २४ बाय २४ मीटरचा. प्लॅनमध्ये हे दोन चौरस एकात एक आणि कोपऱ्याला कोपरा जोडणाऱ्या चार तिरप्या रेघा. मधोमध उभा काप घेतला की वर ३० आणि खाली २४ असा समलंब चौकोन. घनफळ भरते २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळजवळ बावीस लाख लिटर पाणी. वस्तीवरच्या नववीतल्या मुलीने हे स्केलवर काढले, तर बापाला जेसीबीवाल्याचे काम तपासता येते. उतार उभा ठेवून काठ ढासळला की मग कृषी खात्याकडे चकरा मारत बसण्यापेक्षा हे बरे.

पुढे हीच मुले आयटीआयला जातात, डिप्लोमाला जातात, रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला लागतात. तिथे मशीनवर काम देताना सुपरवायझर हातात ड्रॉईंगचा कागद ठेवतो. तो ज्याला वाचता येतो त्याची आणि ज्याला येत नाही त्याची वाट पहिल्याच महिन्यात वेगळी होते. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंग ड्रॉईंगमध्ये गटांगळ्या खाणारी पोरे थोडी नाहीत.

अक्षरलेखनाचे तसेच. पूर्वी गावात एखादा पेंटर असायचा. दुकानाची पाटी, ट्रॉलीच्या फाळक्यावरचे नाव, पोळ्याला बैलाच्या अंगावरची नक्षी सगळे त्याच्याकडे. फ्लेक्स आला आणि त्याचा ब्रश वाळला. पण अक्षरांमधली जागा पट्टीने नाही, नजरेने सारखी करायची असते, ही त्याची विद्या परीक्षेत अजून विचारली जाते. असा कुणी जुना पेंटर गावात असेल तर त्याला आठवड्यातून एक तास शाळेत बोलवायला काय हरकत आहे? संकल्पचित्रासाठी घरातल्या बायकांची मदत होईल. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या आजीला पुनरावृत्ती आणि समतोल हे शब्द माहीत नसतील, पण हाताला ते येते. गोधडीचे तुकडे जोडताना गडदाशेजारी फिका कसा बसवायचा, हेही तिला सांगावे लागत नाही. भेंडीचा आडवा काप, बाजरीचे कणीस, उसाचे पाते यांतून नक्षीचा घटक काढायला शिकवले, तर मुले छापील पुस्तकातली तीच ती कमळे उतरवणार नाहीत.

शिकवणार कोण?

हा खरा अडचणीचा मुद्दा, आणि गावातल्या कारभाऱ्यांनी लक्ष द्यायचा तो इथे. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत स्वतंत्र ड्रॉईंग मास्तर सहसा नव्हताच. हायस्कुलात एटीडी झालेला एक कलाशिक्षक असायचा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कलेचा शिक्षक सांगितला, पण तो अर्धवेळ निदेशक, आणि तोही पटसंख्या शंभरावर असेल तरच. पुढे २०१५ च्या शासन निर्णयाने कला, क्रीडा आणि कार्यानुभवासाठी अतिथी निदेशकांची वाट काढली. शहरात अतिथी मिळतो. वाडीवस्तीवरच्या शाळेत तासापुरता कोण येणार? जुने कलाशिक्षक निवृत्त होतात आणि त्यांच्या जागेवर पूर्णवेळ माणूस येईल याचा भरवसा नसतो. लहान पटाच्या गावांची तर यात सरळसरळ कोंडी झाली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला आणि इतर विषय यांत भिंत नको असे म्हटले आहे. भिंत नको हे ठीक, पण आधी वर्गात माणूस हवा.

गावाच्या हातात काही गोष्टी आहेत. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. त्यांनी वेळापत्रक मागवून बघावे. ड्रॉईंगच्या तासिका कागदावर किती आणि प्रत्यक्षात किती होतात, हे मुलांना विचारले तरी कळेल. जवळच्या तीन-चार गावांच्या शाळांनी मिळून एक एटीडी झालेला तरुण ठरवला आणि वार वाटून घेतले, तर त्यालाही परवडेल. अशी शिकून घरी बसलेली मुले-मुली तालुक्यात आहेत. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात शिक्षणासाठी जी तरतूद धरली जाते, तिच्यातून कागद, रंग आणि ड्रॉईंग बोर्ड घेण्याचा ठराव ग्रामसभेत मांडता येतो. परीक्षेचे केंद्र लांब असेल तर मुलांना, विशेषतः मुलींना, पोहोचवायची गाडी कोण देणार हेही आधी ठरवावे. ऐन वेळी एसटी चुकली म्हणून वर्षभराची मेहनत वाया जायला नको.

तयारी जूनपासून लागावी. पहिले दोन महिने नुसती पेन्सिल: रेघा, लंबगोल, कळशी, खोके. ऑगस्टपासून रंग. भूमितीला आठवड्याचा एक तास पक्का. शेवटचे पंधरा दिवस घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवायचे, कारण चित्र चांगले येऊनही वेळेत न संपल्यामुळे श्रेणी घसरलेली बरीच मुले असतात.

आणि मांडणीच्या वस्तूंसाठी शाळेत एक कपाट मोकळे करून घ्यावे. प्रत्येक घराने एकेक वस्तू द्यावी. तडा गेलेला माठ चालेल, बूड गळणारी कळशी चालेल, काच फुटलेला कंदीलही चालेल. स्टीलचे चकचकीत डबे मात्र सुरुवातीला नकोत. त्यात सगळा वर्ग दिसतो आणि पोरे गोंधळतात.